तोकाचीच्या रानातले एक्केचाळीस हंगाम

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. कधीकाळी मी निळा होतो. आता बॉनेटवर थोडा निळा रंग उरला आहे, बाकी अंगावर उन्हाचा, मातीचा आणि गंजाचा मिळून जो होईल तो. सत्तर अश्वशक्तीचे इंजिन, चार चाके आणि वर काचेची केबिन, एवढाच माझा संसार. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, याच्याकडे सांगण्यासारखे काय असणार? नांगर ओढला, बटाटे काढले, बर्फ लोटला, झाले. ते खरेच आहे. पण माझ्या एक्केचाळीस हंगामांपैकी छत्तीस हंगाम माझ्या केबिनमध्ये एक बाई बसली. माझी गोष्ट सांगायची तर तिचीच सांगावी लागेल.

माझा जन्म १९८४ साली ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. रंग वाळला न वाळला तोच मला जहाजात चढवले आणि जपानच्या उत्तरेच्या बेटावर, होक्काइदोला, पाठवून दिले. मार्च संपत आला होता, तरी तिथे जमिनीवर गुडघाभर बर्फ होता. त्या मुलखाचे नाव तोकाची. नजर टाकावी तिकडे सपाट रान, चौकोनी शेते आणि शेतांच्या कडेने वारा अडवायला लावलेल्या लार्चच्या झाडांच्या उंच रांगा. पश्चिमेला हिदाकाचे डोंगर होते, तेवढाच काय तो आडोसा. शेजाऱ्याचे घर हाक मारून ऐकू जाणार नाही इतके दूर.

माझे मालक ओनोदेरा कुटुंब. ऐंशी-पंच्याऐंशी एकर रान, त्यात गहू, बटाटा, साखरेचे बीट आणि अझुकी. अझुकी म्हणजे लालचुटुक, चवळीएवढे दाणे. त्यांचे गोड सारण करून जपानी लोक मिठाईत भरतात. घरात तीन माणसे. बत्तीस वर्षांचा हिदेओ, त्याची विधवा आई किनुए आणि हिदेओची महिनाभरापूर्वी घरात आलेली बायको, जयंती.

जयंती पुण्याची. खळदकरांची मुलगी, शेतकी कॉलेजातून एमएस्सी झालेली. पिकांच्या रोगांवर संशोधन करायला ती शिष्यवृत्तीवर जवळच्या ओबिहिरो शहरातल्या विद्यापीठात आली होती. रोगट अझुकीची झाडे गोळा करायला ती ओनोदेरांच्या शेतात यायची. हिदेओ आधी तिला झाडे उपटून द्यायचा, मग चहा द्यायचा, मग स्टेशनपर्यंत सोडायला जायचा. चार वर्षांनी तिच्या प्रबंधाचे एक प्रकरण लिहायचे राहिले होते, तेव्हा त्यांनी लग्न केले. ते प्रकरण राहिले ते राहिलेच. पुण्याहून आईचे पत्र आले, वडिलांचे आले नाही.

मला ट्रकवरून उतरवले तेव्हा किनुए आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले आणि मुलाला म्हणाल्या, "एका महिन्यात दोन नवे आले घरात. एकाला दोन वर्षांची गॅरंटी तरी आहे."

जयंतीला तोवर जपानी चांगले येत होते. प्रत्येक शब्द तिला कळला.

त्या घरातल्या बाया ट्रॅक्टर चालवत नसत. त्या मागे यंत्रावर उभ्या राहून बटाट्यांतले दगड वेचत, अझुकीचे दाणे निवडत, सगळ्यांचे जेवण शेतात आणत. पण जयंतीने पहिल्याच वसंतात हिदेओला सांगितले, "मला शिकवा. तुम्ही आजारी पडलात तर हे शेत कोण नांगरणार?"

हिदेओने शिकवले. चौथ्या दिवशी वळण घेताना तिचा पाय क्लचऐवजी भलतीकडे गेला आणि आम्ही दोघे पाणी जाण्यासाठी खणलेल्या चरात उतरलो. माझे पुढचे चाक चिखलात रुतले. हिदेओ पांढराफटक पडून धावत आला. मागून किनुए आजी फावडे घेऊन आल्या. जयंती केबिनमध्ये दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसली होती. आता काय ऐकावे लागणार, या भीतीने तिने खालीही पाहिले नाही.

आजी चराच्या काठावर उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. फावड्यावर ओणव्या होऊन, डोळे पुसत हसल्या.

"याच चरात मी पडले होते," त्या म्हणाल्या. "घोड्यासकट! तेव्हा माझी सासू आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी. उतर खाली. फावडं धरता येतं ना?"

दोघींनी मिळून माझे चाक मोकळे केले. त्या दिवसापासून जयंती त्या घरात राहायला आली, असे मला वाटते. आधी ती नुसती आलेली होती.

मित्रांनो, तुम्हाला प्रश्न पडला असेल की ओसाकाजवळ जन्मलेल्या ट्रॅक्टरला मराठी कसे येते. जयंतीमुळे. दिवसभर ती जपानी बोलायची, जपानी ऐकायची, पण केबिनचे दार लागले आणि इंजिन सुरू झाले की तिचे मराठी सुरू व्हायचे. ओळी मोजायची मराठीत. आईच्या पत्रांची उत्तरे आधी तोंडाने बोलून पाहायची. मी खडकाळ जागी अडलो की म्हणायची, "मेल्या, सरळ चाल ना!" बरेच दिवस मला वाटायचे की मेल्या हेच माझे नाव आहे.

दोन वर्षांनी मिनोरीचा जन्म झाला. मिनोरी म्हणजे भरलेले पीक. नाव आजींनी ठेवले. जयंती तिला घरात मराठी शिकवू लागली. चिमणी, चांदोबा, भात, वरण. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत दोन्ही भाषांत सारखीच भांडायची. मला ते फार आवडायचे. माझ्या सीटमागच्या अरुंद जागेत ती पोत्यावर बसायची आणि आईला विचारायची, "आपण पुण्याला चाललो का?" जयंती सांगायची, "हो, लार्चच्या त्या रांगेपर्यंत."

मिनोरी सहा वर्षांची झाली आणि शाळेत जाऊ लागली. जूनमधल्या एका सकाळी ती डबा विसरली. जयंती मला घेऊन शेताकडे निघाली होती, ती तशीच शाळेकडे वळली. फाटकाशी मला उभे करून तिने हाक मारली, "मिनू! अगं, डबा राहिला तुझा!" मैदानातली सगळी मुले वळून पाहू लागली. दोन-चार मुलांनी ते शब्द वेडेवाकडे करून म्हटले. मग सगळ्यांनीच म्हटले. मिनोरीने मान खाली घालून डबा घेतला.

संध्याकाळी ती शेतात आली. केबिनच्या पायरीवर उभी राहून तिने आईला जपानीत सांगितले, "ते बोलू नकोस. शाळेत नको. घरी पण नको."

जयंतीने तिच्याकडे पाहिले. तिच्या ओठांवर काहीतरी आले होते, पण ती एवढेच म्हणाली, "बरं."

त्या दिवसानंतर तिने घरात मराठीचा शब्द काढला नाही. जे काही उरले ते माझ्या केबिनमध्ये.

ते वर्ष १९९३ होते. त्या साली तोकाचीत उन्हाळा आलाच नाही. जुलै ढगांत गेला, ऑगस्टमध्ये लोक स्वेटर घालून शेतात उभे होते. अझुकीला फुले उशिरा आली, शेंगा धरल्या पण भरल्या नाहीत. हिदेओ रोज एक शेंग सोलायचा आणि काही न बोलता खिशात टाकायचा. सगळी भिस्त आता बटाट्यांवर होती. जमीन गोठण्याआधी ते बाहेर काढायचे होते आणि त्यासाठी प्रत्येक हात हवा होता. सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही काढणी सुरू केली. मागचे काढणीचे यंत्र मी ओढत होतो, जयंती मला गोगलगाईच्या चालीने चालवत होती, आणि यंत्रावर हिदेओ आणि शेजारच्या दोन बाया ढेकळे वेचून फेकत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजी घरातून चालत आल्या. पुण्याहून फोन आला होता. जयंतीचे वडील रुग्णालयात होते. फार दिवस नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

जयंती खाली उतरली. हिदेओ तिच्याजवळ गेला. ती म्हणाली, "काढणी झाली की जाते. पंधरा दिवसांचं काम आहे."

"जयंती-सान..." हिदेओ म्हणाला. त्याने त्या गारठत चाललेल्या रानाकडे पाहिले.

"नऊ वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिली नाही. पंधरा दिवस थांबतील ते," असे म्हणून ती पुन्हा वर चढली. पहिल्यांदा तिने गिअर चुकीचा टाकला.

इतक्यात केबिनचे दुसरे दार उघडले. एकोणसत्तर वर्षांच्या किनुए आजी पायरी चढून वर आल्या आणि सीटमागच्या पोत्यावर बसल्या. त्या कधीच माझ्यात बसल्या नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतले.

"ओकासान, उतरा. तुम्हाला धक्के बसतील," जयंती म्हणाली. ओकासान म्हणजे आई.

"तू जाते म्हणेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"पण बटाटे..."

"मी समुद्रापलीकडच्या इवातेहून या घरात सून म्हणून आले तेव्हा तुझ्याहून लहान होते," आजी म्हणाल्या. त्या पुढे काचेतून पाहत होत्या. "सहाव्या वर्षी तार आली, वडील आजारी आहेत म्हणून. अझुकी काढायची होती. सासू म्हणाली, पीक घरात येऊ दे, मग जा. मी थांबले. पीक घरात आलं. वडील गेले होते." त्यांनी बाहीने बाजूची काच पुसली. मग त्या म्हणाल्या, "त्या वर्षी किती पोती झाली, ते आता मला आठवतही नाही. कितीही आठवलं तरी आठवत नाही. समजलं?"

जयंतीने इंजिन बंद केले. ती सीटवर वळली आणि सासूच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली. मराठीत रडली, असेच म्हणायला हवे, कारण ती जे म्हणत होती त्यातला एक शब्दही आजींना कळत नव्हता. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसत्या "हं, हं" म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जयंती गेली. आजींनी हिदेओच्या जागी यंत्रावर उभे राहून ढेकळे वेचली. मला हिदेओने चालवले. शेजारचा नाकागावा स्वतःचे काम अर्धे टाकून मदतीला आला. शेवटच्या एका तुकड्यातले बटाटे गारठ्याने गेले, बाकीचे घरात आले.

जयंती तीन आठवड्यांनी परतली. घरी कपडे बदलून ती थेट माझ्याकडे आली, बीट काढायला जायचे होते. दार लावल्यावर तिने मला सगळे सांगितले. ती पोहोचली तेव्हा वडील शुद्धीवर होते. तिला त्यांच्यासोबत शेवटचे अकरा दिवस मिळाले. वडील हवामान खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. तिला पाहून पहिले वाक्य ते बोलले ते असे: "यंदा तुमच्याकडे उन्हाळा आलाच नाही ना?"

तिला कळेना की यांना कसे माहीत. मग आईने सांगितले. गेली नऊ वर्षे ते दर आठवड्याला आपल्या जुन्या कचेरीत जायचे आणि तिथल्या मुलांकडून ओबिहिरोचे तापमान लिहून आणायचे. एक अख्खी वही भरली होती. पाऊस, पारा, पहिला बर्फ. मुलीला पत्र लिहिणे त्यांच्या मानी स्वभावाला जमले नाही, पण तिच्या डोक्यावरचे आभाळ त्यांनी एक दिवसही नजरेआड केले नव्हते.

"पीक काढून आलीस की टाकून?" त्यांनी विचारले होते.

"टाकून आले, बाबा. सासूबाईंनी पाठवलं."

त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "मग तुझ्या लग्नाच्या बाबतीत माझा अंदाज चुकला म्हणायचा. सांग त्यांना."

जयंतीने आजींना ते सांगितले. आजींनी ऐकून घेतले, नाक पुसले आणि म्हणाल्या, "बीट अजून जमिनीत आहे."

त्यानंतरची वर्षे पटापट गेली. ज्या घरात रोज काम असते तिथे वर्षे तशीच जातात. मिनोरी उंच झाली, ओबिहिरोच्या शाळेत गेली, मग शिकायला ओसाकाला गेली आणि तिथेच एका कंपनीत लागली. आजी हळूहळू विसरू लागल्या. शेवटची दोन वर्षे जयंती त्यांना न्हाऊमाखू घालत असे, भरवत असे. २००४ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. त्या दिवशी बर्फाने रस्ता बुजला होता. नगरपालिकेची बर्फ लोटणारी गाडी यायला वेळ लागणार होता. जयंती म्हणाली, "ओकासानचा रस्ता मी करते." तिने मला बर्फाचे पाते लावले आणि दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा सगळा बर्फ बाजूला सारला. एवढे सरळ काम तिने पुन्हा कधी केले नसेल.

२००६ साली घरात नवा ट्रॅक्टर आला. माझ्या दुप्पट ताकदीचा, आत संगणक, गार हवेचे यंत्र. मोठी कामे त्याच्याकडे गेली. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही, पण बटाट्यांची ओळ मात्र जयंती माझ्याकडूनच काढून घ्यायची. "याचा पाय मला कळतो," ती म्हणायची.

तीन वर्षांनी, मे महिन्यात, पेरणी निम्म्यावर असताना हिदेओ अंगणातच कोसळला. पक्षाघात. तो वाचला, पण डावा हात आणि पाय गेला. तेव्हा जयंती त्रेपन्न वर्षांची होती. मिनोरी ओसाकाहून धावत आली आणि आठवडाभर राहिली. जाताना म्हणाली, "आई, शेत विकून टाका. हे तुझ्या एकटीने होणार नाही."

"पेरणी तर होऊ दे," जयंती म्हणाली.

पेरणी झाली. मग निंदणी झाली. मग काढणीही झाली. हिदेओ घरात बसायला तयार नव्हता. जयंती त्याला छोट्या पांढऱ्या टेम्पोत बसवून शेताच्या कडेला आणून ठेवायची. त्याच्या उजव्या हातात एक वायरलेस फोन, दुसरा माझ्या केबिनमध्ये. तो तिकडून सांगायचा, "जयंती-सान, डावीकडे घ्या थोडं."

"तुमचं डावं की माझं?"

"माझं डावं आता कुठे उरलंय? तुमचंच."

दोघेही हसायचे. आठ वर्षे त्यांनी अशी शेती केली. मित्रांनो, मी दोन माणसांमधले प्रेम फारसे पाहिलेले नाही, मी ट्रॅक्टर आहे. पण त्या वायरलेसवरची त्यांची दिवसभराची बडबड मी ऐकली आहे. ढग आला, कोल्हा गेला, पाणी प्यायलात का. मला वाटते, ते तेच असावे.

हिदेओ २०१७ च्या शरदात गेला. बटाटे काढून झाले होते. जयंतीने आणखी दोन वर्षे शेत ओढले. मग तिचे गुडघे माझी पायरी चढेनासे झाले. तिने रान शेजारच्या नाकागावांच्या मुलाला आणि सुनेला कसायला दिले. मोठा ट्रॅक्टर त्यांनी घेतला, मला कोणी विचारले नाही. मी गोदामामागे उभा राहिलो. हिवाळे आले नि गेले. सीट उंदरांनी फोडली, एक काच तडकली, चाकांभोवती गवत माझ्या कमरेइतके वाढले. घराकडे पाठ होती माझी, आरशात दार आणि अंगण तेवढे दिसे. आत कोणी आहे की नाही तेही कळत नसे.

मग २०२३ साली एका रविवारी मला पुन्हा मराठी ऐकू आले.

अश्लेषा नावाची एक तरुण संशोधक ओबिहिरोला आली होती, अझुकीच्या रोगांवरच काम करायला. विद्यापीठातल्या कोणी तिला सांगितले की इथे एक आजी आहेत, त्यांनी चाळीस वर्षे हे रोग शेतात पाहिले आहेत. ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, पूर्वीला, घेऊन आली. जयंतीने दार उघडले. अश्लेषाने वाकून जपानीत नमस्कार केला. जयंतीने तिच्या गळ्यातले मंगळसूत्र पाहिले आणि विचारले, "मराठी का गं तू?"

त्यानंतर त्या दर रविवारी यायच्या. जयंतीचे मराठी १९८० सालच्या पुण्यात थांबले होते. ती "ट्रंककॉल लावला" म्हणायची, फ्रीजला "शीतकपाट" म्हणून स्वतःच हसायची. अश्लेषाचे मराठी निम्मे इंग्रजी. पूर्वी सगळ्याला जपानीत उत्तर द्यायची. एकदा अश्लेषा चिडली, "अगं, आजीशी तरी मराठीत बोल!"

"राहू दे," जयंती म्हणाली. "ऐकतेय ना ती? तेवढं पुरे. पण तू बोलायची थांबू नकोस हो. ती नको म्हणाली तरी."

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुट्टीत मिनोरी घरी आली. आता ती अडतीस वर्षांची होती. रविवार होता. जयंती आणि अश्लेषा मागच्या अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या आणि जयंती मोठमोठ्याने हसत काहीतरी सांगत होती. मी चरात पडलो होतो तीच गोष्ट. मिनोरी घराला वळसा घालून आली आणि गोदामाच्या कोपऱ्यावर, अगदी माझ्याजवळ, थबकली. तिला त्यातला फारसा काही अर्थ लागत नव्हता. ती नुसती आईकडे पाहत होती. तिने माझ्या भेगाळलेल्या चाकावर हात टेकला होता.

अश्लेषा गेल्यावर ती आईजवळ येऊन बसली. ऊन उतरत होते.

"तू अशी हसतेस, ते मला माहीतच नव्हतं," ती जपानीत म्हणाली.

"कशी?"

"आवाज करून. जपानीत तू तोंडावर हात ठेवतेस."

जयंती शेंगा सोलत राहिली.

"मी बंद केलं ना ते? त्या डब्याच्या दिवशी."

"तुला आठवतं?"

"रोज नाही. पण आठवतं." मिनोरीने एक शेंग उचलली. "तू रागवली का नाहीस माझ्यावर?"

"सहा वर्षांची होतीस तू. तुझ्यावर काय रागवायचं? वाईट वाटलं. राग नाही आला."

"मग नंतर, मी मोठी झाल्यावर, पुन्हा का नाही बोललीस?"

जयंतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी आहे त्यात. मला भीती वाटली, तू पुन्हा नको म्हणशील."

दोघींनी उरलेल्या शेंगा निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या. मग मिनोरीने विचारले, "प्रबंध अर्धा टाकून इथे राहिलीस. पस्तावलीस कधी?"

"प्रबंधासाठी पस्तावले. पुष्कळदा. माणसांसाठी नाही." जयंतीने एक ठिपके पडलेली शेंग उचलून उन्हाकडे धरली. "आणि खरं सांगू? मला रोगट झाडं जवळून बघायची होती. ती तर मी रोज बघितली. अश्लेषा आता ते सगळं लिहून घेतेय."

त्या उन्हाळ्यात मिनोरी आठवड्याऐवजी तीन आठवडे राहिली. मराठी काही तिला लगेच आले नाही. एक-दोन शब्द ती चुकीच्या जागी वापरायची. पण जयंती तिच्याशी बोलू लागली आणि ती ऐकू लागली, हे मी स्वतः पाहिले.

या वसंतात जयंतीने ठरवले. जमीन नाकागावांना विकायची. घर आणि मागचे अंगण ठेवायचे. हिवाळा ओसाकाला मुलीकडे, उन्हाळा इथे. मग तिने माझ्याकडे पाहिले. जुने ट्रॅक्टर परदेशी पाठवणारा एक व्यापारी ओबिहिरोत होता. त्याला तिने बोलावले.

"काकू, विकू नका ना," अश्लेषा म्हणाली. "आठवण म्हणून राहू द्या. अंगणात छान दिसेल."

"आठवणीसाठी कशाला? अजून चालतो तो," जयंती म्हणाली. "उभा राहून गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी शेतात जाऊ दे."

मित्रांनो, ते ऐकून माझ्या जुन्या सिलिंडरांना काय वाटले, ते मला सांगता येणार नाही. मला भंगाराची भीती होती, तशीच शोभेचा होऊन बसण्याचीही होती. तिने मला दोन्हींतून सोडवले.

नाकागावाच्या मुलाने माझे तेल बदलले, काच बसवली. मिनोरी सुट्टी काढून आली. तिने नळी धरून मला धुतले, जयंती खुर्चीवर बसून कुठे माती राहिली ते दाखवत होती. अंगणातली लहान मुले घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरून नजर फिरवतात आणि पुढे जातात. यंत्रांच्या बाबतीत मोठी माणसेही तेच करतात. म्हणून माझे एकच मागणे आहे. ज्याच्या कामावर तुमचे घर उभे राहिले, मग ते माणूस असो की माझ्यासारखे लोखंड, त्याला एकदा जवळ जाऊन विचारा, तुला कसे हाताळायचे, तुझे कुठे दुखते. उत्तर द्यायला ते किती दिवसांपासून थांबले आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते.

आता मी कोबेच्या बंदरात एका मोकळ्या आवारात उभा आहे. आजूबाजूला माझ्यासारखे साठ-सत्तर म्हातारे. आम्ही कुठल्या देशात जाणार, ते आम्हाला कोणी सांगितलेले नाही. माझ्या केबिनच्या काचेला आतून एक कागद चिकटवला आहे. जयंतीने सांगितला, मिनोरीने जपानीत आणि इंग्रजीत लिहिला. त्यात लिहिले आहे:

"थंड सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटे थांबा, लगेच पळवू नका. दुसरा गिअर अडतो, जोर करू नका, सोडून पुन्हा टाका. उतारावर ब्रेक उशिरा लागतो, पण लागतो. हा ट्रॅक्टर चांगला आहे. काही अडले तर खालच्या नंबरवर फोन करा. मी उचलीन."

आज सकाळी जहाजावर चढवायच्या आधी तपासायला एक माणूस आला. हातमोजे घातलेला, घाईत असलेला. रांगेतला एकेक ट्रॅक्टर सुरू करायचा, धूर बघायचा, खूण करायचा आणि पुढे जायचा. माझ्यात चढला, किल्ली फिरवली. मी दोनदा खोकलो आणि सुरू झालो. त्याचा हात गिअरकडे गेला, तेवढ्यात त्याला कागद दिसला. त्याने तो वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. त्याने गिअरवरचा हात काढून घेतला, मनगटावरच्या घड्याळात पाहिले आणि तो सीटवर टेकून बसला.

पूर्ण पाच मिनिटे तो माझ्यासाठी थांबला.